नऊ माणसांत बारा माणसांच्या पाळ्या

पत्र असं आलं आहे:

"मामा, नमस्कार. मी एकतीस वर्षांचा. बेळगावच्या बाजूला एका हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातूचे भाग भट्टीत तापवून कडक करायच्या युनिटमध्ये आठ वर्षं भट्टीवर होतो. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी सुपरवायझर केलं आणि पाळ्या लावायचं काम माझ्या गळ्यात आलं. भट्ट्या रविवारीसुद्धा बंद होत नाहीत. पाळीला तीन माणसं लागतात, आमच्याकडं एकूण नऊ आहेत. फस्ट ७ ते ३, सेकंड ३ ते ११, नाईट ११ ते ७. दर आठवड्याला पाळी बदलते : नाईटवाला सेकंडला, सेकंडवाला फस्टला, फस्टवाला नाईटला. पहिल्यापासून असंच चालत आलंय. ज्याची सुट्टी असेल त्याची जागा दुसऱ्यानं डबल मारून भरायची. डबलचे पैसे दुप्पट मिळतात.

गेल्या महिन्यात आमच्यातला एक जण सेकंड आणि नाईट अशी डबल करून सकाळी गाडीवरून घरी निघाला आणि डिव्हायडरला धडकला. पाय मोडलाय. तेव्हापासून मलाच झोप नाही. एक जण म्हणतो, मला कायमची नाईट दे. दोघं म्हणतात, बारा-बारा तासांच्या दोनच पाळ्या कर, सुट्ट्या जास्त मिळतील. बाकीचे म्हणतात, तू आपल्या माणसांना रविवार देतोस. आणि साहेब म्हणतात, माणूस वाढणार नाही, वेळापत्रक नीट लाव. मामा, नीट वेळापत्रक म्हणजे कसं? नाव छापू नका."

नाव छापत नाही. तू मला मामा म्हटलंस म्हणून तुला तूच म्हणतो.

बाबा रे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बावीस वर्षं मी टाइम ऑफिसात होतो आणि त्यातली चौदा वर्षं पाळ्या लावत होतो. चौकटीचा कागद, शिसपेन्सिल, खोडरबर. दर शनिवारी दुपारी तोच खेळ. त्यामुळं तुझी झोप का उडाली ते मला सांगावं लागत नाही. तो पोरगा पडला त्याला तू जबाबदार आहेस असं तुला वाटतं. तसं नाही. पण तू लावलेल्या तक्त्याचा त्यात हात आहे, आणि तो तक्ता बदलणं तुझ्या हातात आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नीट वेळापत्रक म्हणजे काय, याच्या आधी एक हिशेब मांडू. साहेब म्हणतात माणूस वाढणार नाही, तर कागदावर दाखवू की न वाढवण्याचे किती पैसे जातात.

आठवड्याचे तास १६८. पाळीला तीन माणसं म्हणजे ५०४ माणूसतास. एका माणसाचं आठवड्याचं काम ४८ तास, त्याच्या पुढचा प्रत्येक तास दुप्पट पगाराचा. १९४८च्या कारखाना कायद्यापासून हे चालत आलंय, नव्या कायद्यांतही ते टिकलंय. तुझी नऊ माणसं ४८ तासांनी ४३२ तास भरतात. ७२ तास कमी पडतात. बहात्तर म्हणजे नऊ पाळ्या. म्हणजेच दर आठवड्याला नऊ डबल, माणशी एक. तुझ्या लोकांपैकी प्रत्येक जण आठवड्यातून एकदा सोळा तास भट्टीसमोर उभा राहतो, आणि हे कुणी आजारी पडलं म्हणून नव्हे, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून नव्हे, सगळे हजर असताना, अगदी सुरळीत चाललेल्या आठवड्यात! कुणी एक दिवस जरी दांडी मारली की दहावी डबल.

आता पैसे. एका तासाचा पगार हे माप धर. आज प्रत्येकाला ४८ तासांचे ४८ आणि डबलच्या आठ तासांचे १६, असे ६४ मिळतात. नऊ जणांचे ५७६.

एक माणूस वाढव. दहा जण ४८० तास भरतात, कमी पडतात २४, म्हणजे तीनच डबल. खर्च किती? ४८० आणि २४ चे दुप्पट ४८, मिळून ५२८. माणूस वाढला आणि खर्च ५७६ वरून ५२८ वर आला. साहेबांचे आठवड्याला ४८ तासांचे पगार वाचले.

अकरावा घे. अकरा गुणिले ४८ पुन्हा ५२८. ५०४ तास भरून २४ तास, म्हणजे तीन पाळ्या, रजेसाठी हातात राहतात. डबल शून्य. आणि बारावा घेतलास तर ५७६, म्हणजे आज जेवढे जातात तेवढेच. फक्त आज त्या पैशात नऊ थकलेली माणसं मिळतात आणि तेव्हा बारा झोप पूर्ण झालेली, आणि रजेसाठी नऊ पाळ्या शिल्लक. वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा, सणाच्या सुट्ट्या, तापखोकला हे सगळं धरलं तर त्या नऊपैकी बऱ्याच पाळ्या लागतात. चैन नाही ती.

नव्या माणसांच्या पीएफमध्ये मालकाचा बारा टक्के वाटा, बोनस, बूट, कपडे हे वर येणार. ते लपवू नकोस, साहेबांना तूच आधी सांग. तरी दहाव्या माणसामुळं वाचलेले पैसे त्याला पुरून उरतात. हा कागद एका पानावर स्वच्छ अक्षरात लिही आणि साहेब दुपारच्या जेवणानंतर निवांत असतील तेव्हा त्यांच्या समोर ठेव. "माणसं द्या" म्हणू नकोस. "दहावा माणूस घेतला तर आठवड्याला इतके वाचतात, बघा" एवढंच म्हण. मी चौदा वर्षांत दोनदा माणसं मागितली आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. तिसऱ्यांदा हा हिशेब घेऊन गेलो. तेव्हा दोन माणसं मिळाली.

साहेबांपेक्षा अवघड जागा तुझ्या नऊ जणांची आहे. आज ६४ घेणाऱ्याला दहावा आला की सरासरी ५३ च्या आसपास मिळतील आणि अकरावा आला की ४८. चौथा हिस्सा पगार गेला. घरी वीस हजार नेणारा पंधरावर आला. कुणी स्लॅबसाठी कर्ज काढलंय, कुणी गाडीचा हप्ता भरतोय, कुणाच्या पोरीची डिप्लोमाची फी आहे. त्यांना डबल नकोशी आहे आणि डबलचे पैसे हवे आहेत. यात काही चूक नाही. "तुमच्या भल्यासाठीच करतोय" म्हणत तू हे त्यांच्या गळ्यात मारलंस तर तू पुन्हा कुणाच्या नजरेला नजर देऊ शकणार नाहीस.

म्हणून साहेबांचे जे ४८ तासांचे पगार वाचतात ते नाईटकडं वळवायला सांग. आठवड्याला नाईटच्या माणसांच्या पाळ्या एकवीस. प्रत्येक नाईटला दोन तासांचा पगार रात्रपाळी भत्ता म्हणून दिला तर ४२ होतात. साहेबांकडं तरी, पीएफ-बोनस धरायच्या आधी, सहा उरतात आणि तुझ्या माणसाच्या हातात ५३ ऐवजी ५७ येतात. ६४ नाहीत, पण ५७ आहेत, आणि सोळा तास उभं राहणं गेलं. आणि हे टप्प्याटप्प्यानं कर. दहावा आता, अकरावा तीन-चार महिन्यांनी, बारावा नंतर. हप्ते सावरायला माणसाला वेळ लागतो. प्रत्येक टप्प्याच्या आधी नऊच्या नऊ जणांना चहाला बसवून आकडे वाचून दाखव. एकेकाला बाजूला घेऊन बोलू नकोस, त्यातून "आपली माणसं" हा आरोप जन्माला येतो.

आता फिरण्याची दिशा. याला एक रुपया लागत नाही.

तुमच्याकडं पाळ्या उलट्या फिरतात. नाईटहून सेकंड, सेकंडहून फस्ट. त्यात काय होतं बघ. सेकंडवाला रात्री अकराला सुटतो आणि पाळी बदलली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. मध्ये आठ तास. मच्छ्याहून किंवा खानापूरच्या बाजूनं येणारा असेल तर घरी पोचेपर्यंत बारा, जेवून आडवा होईपर्यंत साडेबारा-एक, आणि साडेपाचला गजर. साडेचार तास झोप. नाईटवाला सकाळी सातला सुटतो आणि त्याच दिवशी दुपारी तीनला परत. तेही आठच तास, आणि तेही दिवसाचे.

सरळ फिरव : फस्ट, मग सेकंड, मग नाईट. फस्टवाला तीनला सुटला तो दुसऱ्या दिवशी तीनला येईल. चोवीस तास. सेकंडवाला अकराला सुटला तो दुसऱ्या दिवशी अकराला. पुन्हा चोवीस. तीच माणसं, त्याच पाळ्या, फक्त बाण उलटा.

आणि यात शरीराचंही कारण आहे. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. म्हणून उशिरा झोपणं माणसाला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. यात्रेला रात्री दोनपर्यंत सगळे जागे राहतात, पण रात्री आठला झोप म्हटलं तर कुणाला येते? पाळी पुढं सरकली की शरीर सोबत येतं, मागं ओढली की अडून बसतं. अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कारखान्यात असंच उलटं चक्र होतं. तिथं ते सरळ केलं, आणि एका पाळीवरचा मुक्काम आठवड्याऐवजी तीन आठवड्यांचा केला. लोकांच्या तक्रारी कमी झाल्या, नोकरी सोडून जाणारे कमी झाले, उत्पादन वाढलं. १९८२ साली हे छापून आलं. मी स्वतः १९८९ ते १९९६ अशी सात वर्षं पाळ्या उलट्या लावल्या, कारण माझ्या आधीच्या माणसानं तशा लावल्या होत्या. हे आठवलं की आजही जिवाला लागतं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भट्टीवर एक जण होता, फार नेमका माणूस. दर तासाला तापमान बघून लॉगबुकात लिहायचं काम त्याच्याकडं. एका सकाळी लॉगबुक माझ्याकडं आलं. रात्री एक वाजता ९२०. दोनला ९२०. तीन, चार, पाच, सगळीकडं ९२०, एकाच शाईत, एकाच उतारात, शेवटचे शून्य जरा तिरके. तापमान आपोआप नोंदवणाऱ्या रेकॉर्डरच्या कागदावरची रेघ मात्र पावणेतीनला खाली वाकायला लागली होती आणि साडेचारला कुठल्या कुठं पोचली होती. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा भाग, तुटला असता तर रेघ एकदम उडाली असती. ही रेघ सावकाश उतरत गेली होती, म्हणजे भट्टी खरोखरच थंड होत होती आणि समोर कुणी जागं नव्हतं. अख्खा चार्ज, म्हणजे भट्टीत घातलेला सगळा माल, वाया गेला. सकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, झोपलो न्हाई ओ, डोळं मिटलं नुस्तं." मी त्याला मेमो दिला. माझ्या हातानं टाइप केला. दुपारी मस्टर चाळताना दिसलं की आदल्या दिवशी तो तीनपासून कामावर होता. डबल मीच लावली होती. त्या मेमोखाली माझी सही आहे.

तुझा जो पोरगा पडला तोही तीनला आला, सकाळी सातला सुटला. सकाळी आठला उठला असेल तर गाडीवर बसला तेव्हा तो तेवीस तास जागा होता. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हे मोजून पाहिलं. सतरा तास जागा असलेला माणूस कामात तेवढाच चुकतो जेवढा रक्तात १०० मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेला चुकतो. चोवीस तास जागा असेल तर जवळजवळ १०० मिलिग्रॅमवाल्याइतका. आपल्याकडं गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे दारूचा थेंब न घेता तो पोरगा मर्यादेच्या तिपटीवर गाडी चालवत होता, आणि समोर पुणे-बेंगळुरू हायवेवरचे ट्रक.

म्हणून, बाबा, या सोमवारपासून पूर्ण डबल बंद. साहेबांची परवानगी, दहावा माणूस, कशाचीच वाट बघू नकोस. ज्याची सुट्टी आहे त्याची आठ तासांची जागा चार-चार तासांत वाटून टाक. आधीच्या पाळीतला एक जण चार तास थांबेल, पुढच्या पाळीतला एक जण चार तास आधी येईल. पैसे तेवढेच वाटले जातील. आठवड्यात एकदा सोळा तास उभं राहण्याऐवजी दोनदा बारा तास. बारासुद्धा जास्तच आहेत, पण बारा आणि सोळा यांत जीव वाचण्याइतका फरक आहे. त्यातही नाईटनंतर थांबायची वेळ शक्यतो कुणावर आणू नकोस. नाईटची जागा भरायची असेल तर फस्टवाला पहाटे तीनला येईल, सेकंडवाल्याला रात्री तीनपर्यंत थांबव आणि त्याच्यासाठी एखादी खाट ठेव. त्यानं तीन वाजता गाडी काढायची नाही. तिथंच झोपायचं आणि सकाळी पहिल्या बसनं जायचं. खाट, चादर, पंखा, एवढ्यासाठी साहेब नाही म्हणणार नाहीत.

बारा तासांच्या दोन पाळ्या मागणाऱ्या दोघांचं म्हणणं मी फेटाळत नाही. चार दिवस काम, चार दिवस सुट्टी हे चक्र ऐकायला छान आहे, आणि चार टोळ्या असतील तर आठवड्याची सरासरी ४२ तासच येते. कर्नाटकात २०२३च्या दुरुस्तीनं दिवसाला बारा तासांपर्यंत मुभाही दिली, आठवड्याचे ४८ तसेच ठेवून. पण पाळ्या बाराच्या केल्यानं माणसं वाढत नाहीत. नऊ जणांत आठाच्या पाळ्या लाव की बाराच्या, सरासरी ५६ तासच येणार. आणि तुमचं काम ऑफिसातलं नाही. एप्रिलमध्ये नऊशे अंशांच्या भट्टीचं दार उघडून ट्रे ओढायचा, लाल झालेला माल तेलाच्या टाकीत उतरवायचा. अकराव्या तासाला हात जरा थरथरला आणि ट्रे वाकडा बसला तर तेल पेट घेतं, तू हे माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं आहेस. शिवाय बाराच्या पाळीत कुणी आला नाही तर मागचा माणूस थांबूच शकत नाही. माझं मत नाही म्हणून आहे. ज्यांना हवं त्यांना कारणं सांग.

कायमची नाईट मागणारा बहुतेक शेतीवाला असणार. उचगाव-कुद्रेमनीच्या बाजूला रताळी, इकडं भात, पेरणीच्या दिवसांत दिवस मोकळा असला की सोयीचं पडतं. मला अशी चार-पाच माणसं माहीत आहेत. अडचण नाईटची नाही, नाईटनंतर तो झोपत नाही त्याची आहे. सकाळी सातला सुटून नऊला शेतात, दुपारी दोनला भाकरी खाऊन दोन-तीन तास आडवा, रात्री परत भट्टीवर. अशानं महिनाभरात माणूस उतरतो. शिवाय वर्षानुवर्षं रात्रपाळी करणं बहुधा कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली म्हटलं आणि २०१९ साली पुन्हा तपासून तेच म्हटलं. त्याला घाबरवायला हे सांगू नकोस, पण सांग. त्याला पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शेताला दिवस हवे असतील तर त्याच्या रजा त्याच दिवसांत आधीच बांधून दे. एवढ्यानं बहुतेक त्याचं काम होईल. तरी हट्टच असेल तर तीन महिने, लेखी, आणि झोप किती होते हे दर आठवड्याला तू विचारायचं.

बारा माणसं झाली की मग खरं वेळापत्रक लावता येतं. तीन-तीनच्या चार टोळ्या. दोन दिवस फस्ट, दोन दिवस सेकंड, दोन नाईट, दोन सुट्टी. आठ दिवसांचं चक्र. समज एका टोळीला सोमवार-मंगळवार फस्ट आली. बुधवार-गुरुवार सेकंड. शुक्रवार-शनिवार नाईट. शनिवारची नाईट रविवारी सकाळी सातला संपते आणि ती टोळी मंगळवारी सकाळी सातपर्यंत मोकळी. पूर्ण ४८ तास. पहिल्या दिवशी झोप काढायची, दुसरा दिवस घरचा. नाईटहून सुटलेल्याला त्याच दिवसाची सुट्टी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं तर कायद्यानं ती सुट्टी ठरते, कारण नाईटवाल्याची सुट्टी पाळी संपल्यापासून चोवीस तास मोजतात. पण ती त्यानं अंथरुणात घालवलेली असते. मी याला सुट्टी म्हणत नाही.

दोन-दोन दिवसांत पाळी बदलायची म्हटल्यावर तुझे लोक ओरडतील. ओरडू देत. आठवडाभर नाईट केली की चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर कुठं रात्रीला रुळायला लागतं आणि तेवढ्यात पाळी बदलते. आठवडा हा सगळ्यांत वाईट मुक्काम. एक तर तीन आठवडे राहावं, नाही तर दोनच दिवसांत निघावं. तीन आठवडे सलग नाईट म्हणजे घरातल्या पोरांना बाप फक्त झोपलेला दिसणार, आपल्याकडं ते कुणी मान्य करणार नाही. दोन नाईट कशाही निघतात, आणि शरीर दिवसाचंच राहतं.

यात एक खरी खोट आहे, ती आधीच सांग. सुट्टी दर चक्राला एक दिवस पुढं सरकते. रविवार मोकळा असा आठ आठवड्यांत दोनदाच मिळतो. देवळाला, सासुरवाडीला, मंडळाच्या बैठकीला हे अडतं. यावर एकच उपाय आहे : वर्षाचा तक्ता एकदम कर. ३६५ दिवस, चार टोळ्या, चार रंग. कुठल्या टोळीत कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरव, फक्त प्रत्येक टोळीत एक जाणता माणूस येईल असं बघ. मग गणपती, दिवाळी, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र, आणि तुझ्या लोकांच्या गावच्या जत्रा लाल शाईनं मांड. चित्ररथ बघायला सगळं बेळगाव रात्रभर रस्त्यावर असतं आणि प्रत्येकाला तीच रात्र हवी असते. यंदा कुणाची टोळी कामावर, पुढच्या वर्षी कुणाची, हे आजच दिसलं की भांडण होत नाही. तक्ता नोटीस बोर्डावर लाव, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीतही. तुझ्याकडं दोन्हीकडची माणसं असणार, आणि बायकोला दाखवायला मोबाईलवर फोटो काढायचा तर तो तिला वाचता आला पाहिजे. तक्त्याच्या बाजूला दर महिन्याला प्रत्येकाच्या नावापुढं दोन आकडे लिही, किती नाईट आणि किती रविवार. सहा महिने हे आकडे भिंतीवर राहिले की "आपली माणसं" म्हणणारा आपोआप गप्प होईल, आणि झाला नाही तर त्याचा आकडा बरोबर आहे का ते तपास. कधी कधी तोच बरोबर असतो.

पाळ्यांची अदलाबदल करू दे, पण वहीत लिहून, दोघांच्या सह्यांनी, आणि दोन पाळ्यांमध्ये बारा तासांपेक्षा कमी अंतर पडत असेल तर नाही म्हणजे नाही. सख्ख्या भावाची असली तरी.

नाईटसाठी छोट्या गोष्टी. पहाटे तीन ते पाच ही सगळ्यांत जड वेळ, तेव्हा शरीराचं तापमानही उतरलेलं असतं. दोन ते चारच्या मध्ये एकेकाला पाळीपाळीनं वीस मिनिटं डुलकी घेऊ दे, दोघं जागे असले पाहिजेत. ही चोरी नाही, लॉगबुकात लिहूनच कर. तीन वाजताच्या तापमानाच्या नोंदीवर दुसऱ्यानंही सही करायची. चार्ज अनेक तास चालतो, सेकंडनं घातलेला नाईटवाला काढतो, म्हणून पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघांनी भट्टीसमोर उभं राहून बोलायचं, गेटवर नाही. चहा चारनंतर नको. आणि लोकांना सांग, नाईटच्या दिवशी घरी खिडकीला घोंगडं लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, मिक्सर नऊच्या आधी फिरवून घ्या. घरच्यांना हे सांगायला तुझ्या माणसाला संकोच वाटत असेल तर तू एकदा त्याच्या घरी जाऊन चहा पी आणि तूच सांग. मी गेलो आहे तसा, अनेकांच्या घरी. बायका पटकन समजून घेतात.

पाय मोडलेल्या पोराला भेटायला गेलास की नाही, पत्रात लिहिलं नाहीस. गेला नसशील तर या रविवारी जा. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद भरले का विचार. घरी जाताना रस्त्यावर झालेला अपघात म्हणून तुमच्या ऑफिसनं तो अर्ज टाळला असेल तर टाळू देऊ नकोस, कामावरून घरी जाताना घडलेला अपघातही त्यात बसू शकतो, वेळ आणि रस्ता जुळत असेल तर. त्याच्या डबलची नोंद मस्टरमध्ये आहे, ते पान आधी जपून ठेव. आणि तो कामावर परत आला की पहिले दोन महिने फस्टच लाव. बाकीच्यांना आधी विचार. माझा अनुभव आहे, कुणी नाही म्हणत नाही.